ऐकू न येणाऱ्या लहरी

नांदेड-लातूरकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रकल्प-प्रदर्शनांत एक विधान इतक्या आत्मविश्वासाने ऐकविले जाते की त्याचा एकदा परामर्श घेणे प्राप्त झाले आहे: मोबाइलला एखाद्या वारंवारितेवर काही ऐकू आले नाही, तर ती तेथे मोकळी आहे, आणि ‘कॉग्निटिव्ह रेडिओ’ने, म्हणजे भोवतालच्या लहरींचा कानोसा घेऊन आपली वारंवारिता स्वतः निवडणाऱ्या यंत्राने, ती खुशाल वापरावी.

हे साफ चूक आहे. अहमदपूरकडे बालाघाटाच्या एखाद्या टेकडीआड, किंवा स्लॅबच्या घराच्या आतल्या खोलीत, हातातल्या फोनपर्यंत प्रक्षेपकाच्या लहरी क्षीण होऊन पोचतात. परंतु शेजारच्या गच्चीवरील उंच अँटेनाला तेच प्रक्षेपण स्वच्छ मिळत असते, आणि फोनच्या भरवशावर आपले यंत्र बोलू लागले की शेजाऱ्याचे चित्र बिघडते. म्हणूनच अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने 2008 साली टीव्हीच्या मोकळ्या वाहिन्या वापरू इच्छिणाऱ्या यंत्रांना उणे 114 डीबीएम (लहरींची शक्ती मोजण्याचे एकक) इतका क्षीण संदेश ओळखण्याची अट घातली. तेथील 6 मेगाहर्ट्झच्या वाहिनीत नुसता औष्णिक, म्हणजे उष्णतेमुळे आपोआप उपजणारा, गोंगाटच उणे 106 डीबीएमच्या आसपास असतो. म्हणजे संदेश हुडकावयाचा तो गोंगाटाच्या तळाखाली! 2010 मध्ये, आपले स्थान ओळखून प्रक्षेपकांच्या नोंदी पाहणाऱ्या यंत्रांपुरती ही अट आयोगाने मागे घेतली. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनीही 2014 साली 470 ते 590 मेगाहर्ट्झमधील 15 वाहिन्यांपैकी किमान 12 देशात जवळजवळ सर्वत्र मोकळ्या असल्याचा जो निष्कर्ष काढला, तो दूरदर्शनच्या प्रक्षेपकांचा दफ्तरी तपशील घेऊन केलेल्या गणिताने. गावोगाव फोन फिरवून नव्हे.

मग मोबाइल निरुपयोगी काय? मुळीच नाही. दूरदूर विखुरलेल्या अनेक फोनांच्या नोंदी एकत्र केल्या, तर टेकडीआडच्याला जे ऐकू येत नाही ते पाण्याच्या टाकीवरच्याला येते. मात्र एकाच प्रयोगशाळेतले दहा फोन हे दहा स्वतंत्र साक्षीदार नव्हेत, कारण ते सारे एकाच भिंतीआड बसलेले असतात. शिवाय पडद्यावरच्या दांड्या केवळ आपल्या कंपनीच्या टॉवरची हकीकत सांगतात. टीव्हीचे पट्टे न्याहाळावयाचे तर फोनला आरटीएल-एसडीआरसारखा वेगळा लहरी-ग्राहक (रिसीव्हर) जोडावा लागतो.

याच प्रदर्शनांतले आणखी काही समजही तपासून पाहावेत. वापरून लहरी संपतात, ही भीती निराधार. नुसत्या ऐकण्याने कोणास व्यत्यय येतो, हेही खोटे. आणि दूरदर्शनने बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपक बंद केल्यामुळे टीव्हीचा पट्टा बेवारस झाला, हा समज तर महागात पडणारा: पट्टा रिकामा असला तरी त्यावर प्रक्षेपण करावयास सरकारी परवाना लागतोच.