जुन्या घराचं रिनोव्हेशन करताय? हातोडा पडण्याआधी फोनवर ही कामं उरकून घ्या

जुन्या घराचं काम काढायचं ठरलं की घरातली तरुण मंडळी इन्स्टावर फॉल्स सीलिंग आणि मॉड्युलर किचनचे रील्स सेव्ह करायला लागतात आणि मोठी माणसं थेट मिस्त्रीला फोन लावतात. या दोन्हींच्या मधली एक पायरी बहुतेक घरांत राहून जाते. ती म्हणजे घर आज जसं आहे तसं नीट नोंदवून ठेवणं.

नवीन फ्लॅटसोबत बिल्डरचा नकाशा मिळतो. पन्नास-साठ वर्षांच्या घराचा नकाशा सहसा कुणाकडेच नसतो. कुठली भिंत छत तोलतेय, वायर कुठून गेलीय, पाण्याचा पाइप कुठे वळलाय हे आजोबांना माहीत होतं आणि ते आता नाहीत. आमचं घर असंच आहे. सातारा जिल्ह्यातल्या गावात १९६४ साली बांधलेलं, जाड भिंती, लाकडी तुळया आणि वर मंगलोरी कौलं. त्याच्या आतल्या कामाचं प्लॅनिंग यंदा माझ्याकडे आलं. त्यात फोन कुठे कामाला आला आणि कुठे त्याच्यावर विसंबायचं नाही, हे इथे सांगतो.

१. मापं: ॲप चालेल, पण टेप हवाच

आयफोनमध्ये २०१८ पासून, म्हणजे आयओएस १२ पासून, मेझर नावाचं ॲप आहे. अँड्रॉइडवरही कॅमेऱ्याने मापं घेणारी बरीच ॲप्स मिळतात. ही ॲप्स कॅमेऱ्यात दिसणारे ठळक ठिपके (कोपरे, डाग, फरशीच्या रेषा) पकडतात. फोन किती हलला, किती फिरला हे आतल्या सेन्सरवरून कळतं. दोन्हींची सांगड घालून अंतराचा अंदाज काढला जातो.

म्हणजेच भिंत कोरी पांढरी असेल किंवा खोलीत अंधार असेल तर ॲपला पकडायला काही मिळत नाही. जुन्या घराचं माजघर म्हणजे दोन्ही आलं! आमच्या माजघराची लांबी टेपने १४ फूट ३ इंच भरली, फोनने १४ फूट ५ इंच दाखवली. दोन इंचांचा हा फरक गप्पांमध्ये चालतो, ओट्याचा ग्रॅनाइट कापताना चालत नाही.

आयफोन १२ प्रो आणि त्यानंतरच्या प्रो मॉडेल्समध्ये लायडार सेन्सर असतो. तो इन्फ्रारेड लेसर सोडतो आणि तो परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतो. अंधारातही चालतो, रेंज साधारण ५ मीटर. खोलीभर फोन फिरवला की मॅजिकप्लॅनसारखं ॲप कच्चा नकाशा तयार करून देतं. आरसा आणि काच मात्र त्यालाही फसवतात.

माझी पद्धत अशी: नकाशाचा आकार ॲपमधून घ्यायचा आणि आकडे टेपने मोजून त्यात भरायचे. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्णही मोजा. दोन्ही सारखे आले तर समोरासमोरच्या भिंती सारख्या असलेली खोली काटकोनात आहे. १० बाय १२ च्या खोलीचा कर्ण १५ फूट साडेसात इंच यायला हवा. जुन्या खोल्या क्वचितच गुण्यात असतात. हे आधी कळलं नाही तर फर्निचर बसवताना कोपऱ्यात फट राहते आणि सुतार म्हणतो, "भिंतच वाकडी आहे, मी काय करू?"

लांबी-रुंदी झाली की या गोष्टीही मोजा, कारण त्या हमखास विसरल्या जातात: दाराच्या चौकटीची आतली रुंदी आणि उंची, उंबऱ्याची उंची, कोनाड्यांची खोली, खिडकी जमिनीपासून किती वर आहे, आणि चौकटीपाशी दिसणारी भिंतीची जाडी.

२. भिंत पाडायची का? फोन पुरावा देतो, निकाल इंजिनिअर देतो

बाबांना माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत काढून सगळं मोकळं करायचं होतं. मिस्त्री म्हणाला, "दोन दिवसांत पाडून देतो." मी माळ्यावर चढून फोनच्या टॉर्चमध्ये प्रत्येक तुळईच्या टोकाचा फोटो काढला आणि नकाशावर तुळयांच्या रेषा आखल्या. चार तुळयांची टोकं त्याच भिंतीवर टेकलेली होती. भिंतीची जाडी १८ इंच.

हे सगळं स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवलं. त्यांनी येऊन पाहणी केली आणि भिंत पाडायला साफ नकार दिला. शेवटी वर लोखंडी गर्डर टाकून आहे तोच दरवाजा रुंद करायचा, असं ठरलं. मोकळेपणा हवा तेवढा मिळाला आणि कौलं डोक्यावर यायची राहिली.

इथे एक लक्षात ठेवा. जाड भिंत म्हणजे भार घेणारी आणि पातळ म्हणजे नुसता आडोसा, असं सरळ गणित नसतं. पिलर-बीमच्या घरात भार पिलरवर असतो, दगडमातीच्या किंवा विटांच्या जुन्या घरात भिंतच छत तोलते. कुठल्याही ॲपला हे कळत नाही. आणि हो, असं काम करायला ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची परवानगी लागते का, ते आधी विचारून घ्या.

३. भिंतीच्या आत काय आहे?

बहुतेक फोनमध्ये होकायंत्रासाठी मॅग्नेटोमीटर असतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फिफॉक्स हे फुकट ॲप त्याचं रीडिंग दाखवतं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं. फोन भिंतीवरून हळूहळू सरकवताना आकडा एकदम उडी मारत असेल तर आत लोखंड असण्याची शक्यता आहे: सळई, खिळा किंवा जुना लोखंडी पाइप.

पण तांब्याची वायर आणि प्लास्टिकचा पाइप यात दिसत नाही. त्यामुळे "फोनने काही दाखवलं नाही, मार ड्रिल" असं चुकूनही करू नका. मेन स्विच बंद करून, वायरमनला बोलावूनच पुढे जा.

४. लाईट बिलावरचा एक आकडा

महावितरणच्या बिलावर "मंजूर भार" लिहिलेला असतो. तो बघा. आमचा २ किलोवॅट होता. आता नव्या घरात काय काय लागणार याची बेरीज केली: एसी १६००, गिझर २०००, इंडक्शन १८००, इस्त्री १०००, मिक्सर ५०० वॅट. झाले ६९०० वॅट! सगळं एकाच वेळी चालत नाही हे खरं, पण २ किलोवॅटच्या हिशोबाच्या जुन्या वायरिंगवर हे टाकणं म्हणजे भिंतीच्या आत शेगडी पेटवणं.

नवीन वायरिंगच्या आधी वाढीव भारासाठी अर्ज करा आणि वायरमनला तीन प्रश्न विचारा. अर्थिंग खरंच आहे का? जुन्या घरात तीन पिनांचा सॉकेट असतो, पण मागे दोनच वायरी असू शकतात. एसी आणि गिझरला वेगळी, जाड वायर टाकणार का? आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवणार का? शॉक बसायची वेळ आली तर हाच डबा वीज तोडतो.

५. सर्वे पावसाळ्यात करा

काम उन्हाळ्यात करायचं असलं तरी फोटो पावसाळ्यात काढा. ओल कुठून येते, कौलं कुठे गळतात, पोपडे कुठे धरतात हे तेव्हाच दिसतं. दर पंधरा दिवसांनी त्याच जागेवर उभं राहून तोच फोटो घ्या. भिंतीला तडा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा आणि बाजूला पट्टी धरून फोटो काढा. पुढच्या फोटोत तडा खुणेच्या पुढे गेलेला दिसला तर रंगाऱ्याच्या आधी इंजिनिअरला बोलवा.

चुन्याच्या किंवा मातीच्या भिंतीवर सरसकट सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक पेंट मारला तर आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. मग दोन वर्षांत पुन्हा पोपडे. आधी ओल कुठून येते ते शोधा, रंग नंतर.

६. हिशोब गुगल शीटमध्ये

शीटमध्ये हे कॉलम करा: खोली, काम, प्रमाण, दर, अंदाज, प्रत्यक्ष खर्च. शीट आईबाबांना आणि खर्चात वाटा असलेल्या काकांना शेअर करा. आमच्या काकांना पुण्यात बसून रोज कळायचं की पैसे कुठे जातायत, त्यामुळे फोनवरची वादावादी खूप कमी झाली.

प्रमाण स्वतः काढायला शिका. १४ बाय १० च्या, १० फूट उंच खोलीच्या भिंती = २ × (१४ + १०) × १० = ४८० चौरस फूट. त्यातून दाराचे २१ आणि खिडकीचे १६ वजा केले की ४४३. रंगाऱ्याने ६०० सांगितले तर आता विचारता येईल, "कसे?"

फरशीत एक गंमत आहे. दुकानात जिला "दोन बाय दोन" म्हणतात ती ६०० मिलिमीटरची असते आणि २ फूट म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. त्यामुळे एक फरशी ४ नाही, ३.८७५ चौरस फूट भरते. १४० चौरस फुटांच्या खोलीला ३५ नाही, ३७ फरश्या लागतात. तुटफूट आणि कापण्यासाठी १० टक्के जास्त धरले की ४०. एकाच लॉटच्या घ्या, नंतर आणलेल्यांची शेड जुळत नाही. आणि एकूण बजेटवर १५ टक्के बाजूला ठेवा. जुनी भिंत उकरली की काहीतरी निघतंच.

७. एआयचे फोटो कशासाठी वापरायचे?

खोलीचा फोटो चॅटजीपीटी किंवा जेमिनायला देऊन "मॉडर्न कर" म्हटलं की मस्त चित्र मिळतं. रंग, पडदे, फर्निचरची स्टाइल ठरवायला ते छान आहे. पण चित्रात खिडकी मोठी होते, तुळई गायब होते, कोनाडा बुजतो. मिस्त्रीला ते चित्र दाखवून "असंच पाहिजे" म्हणू नका, त्याला मापांचा नकाशा द्या. लॅपटॉप असेल तर स्वीट होम थ्रीडी हे फुकट सॉफ्टवेअर वापरा. त्यात खरी मापं टाकून कपाट, पलंग मांडून बघता येतात.

८. आधी कुठली खोली?

आमच्या यादीत पहिलं काम हॉलचं सीलिंग होतं. मापं शीटमध्ये भरल्यावर एक गोष्ट समोर आली. आजीचा वॉकर २५ इंच रुंद आणि न्हाणीघराचं दार २४ इंच. उंबरा वर ५ इंच. म्हणजे रोज सकाळी आजी वॉकर बाहेर ठेवून, भिंत धरून आत जात होती आणि तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आई म्हणाली, "सीलिंग राहू दे." न्हाणीघर पहिल्या नंबरवर गेलं: ३२ इंचांची मोकळी जागा, सपाट उंबरा, धरायला दांडी आणि न घसरणारी फरशी.

तुमच्या घरातही ज्येष्ठ माणसं असतील तर त्यांच्या पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची वाट आधी मोजा.

९. प्लॅस्टर व्हायच्या आधीचे फोटो

भिंतीत खाचा पाडून पाइप आणि वायरी टाकल्या, पण अजून गिलावा झालेला नाही, असे एक-दोन दिवसच मिळतात. तेव्हा प्रत्येक भिंतीचा समोरून, सरळ फोटो काढा. फ्रेममध्ये जमिनीपासून उघडलेला टेप दिसू द्या. भिंतींना नंबर द्या. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर तो दाबला जातो आणि टेपवरचे आकडे वाचता येत नाहीत, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. गुगल फोटोजमध्ये घराच्या नावाने शेअर केलेला अल्बम करा.

पाच वर्षांनी पाइप फुटला किंवा नवीन गिझर लावायचा झाला, तर हा अल्बम उघडून प्लंबरला बरोबर जागा दाखवता येईल. नकाशा, शीट आणि अल्बम या तिन्हींच्या लिंक एका नोटमध्ये टाकून घरच्या ग्रुपवर पिन करून ठेवा. आणि ज्यांच्या घरी यंदा काम निघणार आहे, त्यांना हा लेख मिस्त्री येण्याच्या आधी पाठवा!