चित्रदोषांची चौकशी

सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेले आंध्रा नदीचे पाणी प्रचंड नळांतून पायथ्याशी उतरवून त्यापासून वीज निर्माण करणारे टाटांचे भिवपुरीचे विद्युत्गृह 1922 साली सुरू झाले. आज घरोघर येणाऱ्या विजेची सेकंदाला 50 आवर्तने आणि दूरदर्शनने 1982 साली रंगीत प्रक्षेपणासाठी पत्करलेल्या पाल पद्धतीची सेकंदाला 50 अर्धचित्रे (एकाआड एक ओळींची) यांचा मेळ योगायोगाचा नाही; विजेच्या आवर्तनांशी जुळेल अशाच बेताने ती चित्रगती ठरली होती. कर्जत-खालापूरच्या घरांत लग्ना-मुंजीच्या आणि गणपतीच्या ज्या कॅसेटी कपाटात पडून आहेत, त्या संगणकावर उतरवू पाहणाऱ्यास हा 50 चा आकडा वारंवार भेटणार आहे.

चित्र बिघडलेले दिसताच संगणकावर ठपका ठेवण्याची आपली रीत असली, तरी दोष कोठे जन्मला हे मुक्रर झाल्यावाचून त्याला हात लावू नये. कॅसेट हँडीकॅममध्ये घालून आधी त्याच्याच चिमुकल्या पडद्यावर पाहावी. तेथेही चौकोनी ठिपके उमटत असतील, तर फीत थोडी मागे नेऊन तोच भाग पुन्हा लावावा: दोष त्याच जागी आला तर फीत गुन्हेगार, जागा बदलत राहिला तर बहुधा फीत वाचणारे हेड मळलेले. कॅमेऱ्यावर चित्र निर्मळ आणि संगणकावर मात्र सदोष असेल, तरच केबल, सॉफ्टवेअर आणि हार्ड डिस्क यांची जबानी घ्यावी.

मिनी-डीव्ही फीत अवघी 6.35 मिलिमीटर रुंद असते, पाल पद्धतीचे एक चित्र तीवर 12 तिरक्या रेघांत नोंदले जाते, आणि ते वाचणारे ढोलके मिनिटाला 9,000 फेरे घेते. तेव्हा त्यावरील दोन हेडांपैकी एकावर धुळीचा कण बसला, की चित्र एकाआड एक आडव्या पट्ट्यांत गोठते. अशा वेळी क्लीनिंग कॅसेट काही सेकंदच चालवावी, कारण ती हेड घासतेही. आपल्या मुलखात, जेथे पावसाळ्यात भिंतींनाही ओल येते, कॅसेटच्या खिडकीतून रिळाची कड उजेडात न्याहाळणे अगत्याचे आहे. तीवर पांढुरकी लव दिसली तर ती बुरशी होय, आणि तशी कॅसेट यंत्रात घातल्यास तोच संसर्ग पुढच्या निरोगी कॅसेटींना होतो. गारव्यातून दमट हवेत आणलेला कॅमेरा ओलाव्याची सूचना देत असेल, तर झाकण उघडे ठेवून तो कोरडा होऊ द्यावा.

केबलची बाब अधिक फसवी आहे. डीव्ही कॅमेऱ्याचे अस्सल चित्र फायरवायर केबलने येते आणि तासाभराच्या चित्रणास सुमारे 13 जीबी जागा लागते. अनेक कॅमेऱ्यांचे यूएसबीचे भोक मात्र फोटोंसाठी किंवा लहान, धूसर चित्रासाठीच दिलेले असते; त्यातून उतरवलेले लग्न अंधुक दिसले, तर तो फितीचा दोष नव्हे. चित्र मधूनच उडी मारत असेल, तर बाकीचे कार्यक्रम बंद करून डिस्कला मोकळे करावे.

काही दोष तर दोषच नसतात. कर्जत लोकल भिवपुरी रोड स्थानकात शिरतानाचे चित्रण संगणकावर थांबवून पाहिले, तर डब्यांच्या उभ्या कडांना फणीचे दात फुटलेले दिसतात. एका चित्राच्या सम व विषम ओळी सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने टिपलेल्या असतात, तेवढ्या अवधीत गाडी पुढे सरकलेली असते, म्हणून हे घडते. मूळ फाईल न बदलता, सेकंदाला 50 पूर्ण चित्रांची निराळी प्रत ‘डीइंटरलेस’ करून काढावी. डीव्हीत खालचे अर्धचित्र आधी येते, हा क्रम उलटा नमूद झाला तर हलणारी वस्तू पुढेमागे थरथरते. चेहरे उभट दिसले, तर 16:9 ची नोंद 4:3 अशी झाली आहे असे समजावे. हाय-8 किंवा व्हीएचएसच्या तळाशी वळवळणारी पट्टी पूर्वीही होती. जुन्या टीव्हीची चौकट ती झाकून ठेवी एवढेच.

अमेरिकेतील नातलगांनी आणलेल्या कॅमेऱ्यांची कैफियत वेगळी. ते एनटीएससीचे, म्हणजे सेकंदाला जवळपास 60 अर्धचित्रांचे. आपल्या ट्यूबलाइटखाली त्यांनी टिपलेल्या चित्रात उजेड लुकलुकतो, आणि ती लुकलुक फितीतच मुद्रित झालेली असल्याने केबल बदलून जात नाही. शिवाय अशी कॅसेट पाल यंत्रात लावली तर चित्र काळे-पांढरे होते, लोळते किंवा मुळीच येत नाही. तिला तिच्याच पद्धतीचे यंत्र लागते.

युनेस्को आणि ध्वनिचित्र-संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2019 साली जगाला बजावले, की 2025 च्या सुमारास चुंबकीय फिती वाचणे दुरापास्त होईल. कारण फितींपेक्षाही त्या वाचणारी यंत्रे आणि त्यांचे सुटे भाग आधी संपत आहेत. म्हणून चालू स्थितीतला हँडीकॅम भंगारात देऊ नये, कोरड्या ऋतूत सर्वांत जुन्या कॅसेटीपासून आरंभ करावा, आणि उतरवलेली फाईल दोन निरनिराळ्या डिस्कांवर ठेवून, ती अथपासून इतिपर्यंत पाहिल्यावरच मूळ कॅसेटीचे काय करायचे ते ठरवावे.