गिरणीच्या गावाचे नाटक

चार्ल्स डिकन्सची ‘हार्ड टाइम्स’ ही कादंबरी त्याच्याच ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ या साप्ताहिकातून १८५४ च्या एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध झाली, आणि शेवटचा हप्ता वाचकांच्या हाती पडतो न पडतो तोच लंडनच्या स्ट्रँड नाट्यगृहात तिचे नाट्यरूप उभेही राहिले. कादंबरीचे नाटक करण्यास मूळ लेखकाची परवानगी घेण्याचे बंधन तेव्हाच्या इंग्रजी कायद्यात नव्हते. तो हक्क लेखकाच्या पदरी पुरतेपणी पडण्यास १९११ साल उजाडावे लागले. आपल्या कथांची ही लूट डिकन्सला असह्य होई, म्हणूनच ‘निकोलस निकल्बी’त त्याने २४७ कादंबऱ्यांची नाटके पाडलेला एक गृहस्थ रंगविला. त्याचा संताप न्याय्य होता. परंतु ज्यांना अक्षरओळख नव्हती, अशा कष्टकरी माणसांपर्यंत त्याची पात्रे पोहोचविण्याचे काम याच परवान्याविना झालेल्या प्रयोगांनी केले, हेही तितकेच खरे आहे.

वर्धा जिल्ह्यातील वाचकाने या कादंबरीच्या रंगमंचीय आयुष्याचा मागोवा का घ्यावा, याचे उत्तर एका तळटीपेत आहे. जॉन रस्किनने १८६० मध्ये लिहिलेल्या ‘अन्टु धिस लास्ट’ या निबंधमालेतील पहिल्याच निबंधात ‘हार्ड टाइम्स’चा उल्लेख येतो. अनेक अंगांनी ही डिकन्सची सर्वश्रेष्ठ कृती आहे आणि सामाजिक प्रश्नांचा विचार करणाऱ्यांनी ती बारकाईने अभ्यासावी, असा निर्वाळा देऊन रस्किन लगेच तक्रारही नोंदवितो, की गिरणीमालक बाउंडर्बी हा नाटकातला राक्षस झाला आहे, मजूर स्टीफन ब्लॅकपूल हा नाटकातला पुण्यपुरुष झाला आहे, आणि रंगमंचाच्या प्रकाशवलयात उभे राहून बोलण्याच्या या हौसेपायी विचारी माणसांचे डिकन्सच्या मर्मग्राही दृष्टीकडे दुर्लक्ष होते. रस्किनचे हेच पुस्तक १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना आगगाडीत गांधीजींच्या हाती आले, त्याचा सारांश त्यांनी १९०८ मध्ये ‘सर्वोदय’ या नावाने गुजरातीत उतरविला, आणि त्या विचाराला पुढे वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, मुक्कामाची जागा मिळाली. रस्किनने दोष म्हणून जे दाखविले, तेच या कादंबरीचे रंगभूमीवरील भांडवल ठरले, असे मला तिच्या सगळ्या प्रयोगेतिहासाकडे पाहताना निश्चितपणे वाटते.

कादंबरीचा आरंभ शाळेच्या वर्गात होतो. ज्ञान म्हणजे वस्तुस्थितीची जंत्री आणि मूल म्हणजे ती भरण्याचे भांडे, अशी ही शाळा चालविणाऱ्या ग्रॅडग्राइंडची ठाम धारणा आहे. सर्कशीत घोड्यांच्या संगतीत वाढलेल्या सिसी ज्यूपला घोड्याची व्याख्या करता येत नाही, म्हणून ती अज्ञानी ठरते. आणि घोड्याचे दात व खूर मोजून दाखविणारा बिट्झर शाबासकी मिळवितो. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेने जो प्रश्न ऐरणीवर आणला, त्या परिषदेने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने ज्याची मांडणी केली, आणि आर्यनायकम् व आशादेवी या शिक्षक दांपत्याने सेवाग्रामच्या शाळेत ज्याचे उत्तर प्रत्यक्ष चरख्यावर आणि शेतात शोधले, तो प्रश्न या वर्गातील प्रवेशात संपूर्णपणे सामावलेला आहे. हाताच्या कामातून शिकविणाऱ्या या नई तालीमच्या भूमीत या प्रवेशाला प्रस्तावनेची गरज पडणार नाही.

दुसरा धागा कापसाचा आहे. संपावर असलेले प्रेस्टन डिकन्सने १८५४ च्या जानेवारीत स्वतः जाऊन पाहिले होते, आणि कादंबरीतील कोकटाऊन हे गाव अशाच लँकेशायरी गिरणगावांच्या धुरातून आकाराला आले. अमेरिकेतील यादवीमुळे त्या गिरण्यांचा कापूस तुटला, त्याच वर्षांत, १८६२ मध्ये, नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा स्थापन झाला. १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसले. आणि हिंगणघाटच्या कापसाचे नाव इंग्लंडच्या पेठांत परिचित झाले. पुढे हिंगणघाटातच कापडगिरण्या उभ्या राहिल्या. कोकटाऊनचा भोंगा, धूर आणि पाळी यांचा अर्थ या जिल्ह्यातील माणसास समजावून सांगावा लागत नाही.

या कादंबरीला विद्यार्थ्यांच्या आणि हौशी मंडळींच्या हाती खऱ्या अर्थाने सोपविले ते स्टीफन जेफ्रीज या नाटककाराने. १९८२ मध्ये त्याने केलेल्या रूपांतरात अवघे चार नट सगळ्या भूमिका वठवितात; टोपी बदलली की मालकाचा मजूर होतो, आवाज बदलला की बाप सर्कसवाला होतो. मोठा पडदा, मोठा खर्च आणि मोठा नटसंच यांवाचून हे नाटक उभे राहू शकत असल्याने महाविद्यालयांनी आणि गावोगावच्या नाट्यमंडळांनी ते उचलले. डिकन्सची पात्रे ठसठशीत रेषांनी काढलेली असल्यामुळेच हे साधते. सूक्ष्म मनोव्यापारांवर उभी असलेली कादंबरी या चार नटांच्या हाती विस्कटली असती. विदर्भातील खडी गंमत आणि दंडार पाहिलेल्या माणसास, नेपथ्यावाचून प्रेक्षकांच्या देखत सोंग बदलण्याची ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. पुढे २०११ मध्ये मँचेस्टरच्या लायब्ररी थिएटर या संस्थेने अँकोट्स भागातील मरेज मिल्स या जुन्या सूतगिरणीच्या इमारतीतच या कादंबरीचा प्रयोग केला, तर २०१८ मध्ये हॅलिफॅक्सच्या नॉर्दर्न ब्रॉडसाइड्स मंडळीने डेबोरा मॅकअँड्र्यू यांचे रूपांतर यॉर्कशायरी बोलीच्या ठसक्यात सादर केले.

रूपांतरकारांची खरी कसोटी मात्र स्लॅकब्रिज या कामगार पुढाऱ्याच्या पात्रापाशी लागते. मजुरांच्या हालांविषयी इतकी कळकळ असलेल्या डिकन्सने त्यांच्या संघटनेला मात्र न्याय दिला नाही. बर्नार्ड शॉने १९१२ च्या आपल्या प्रस्तावनेत या पात्रावर कठोर आक्षेप घेतला, आणि तो मला पूर्णपणे मान्य आहे. ज्या गांधीजींनी १९१८ मध्ये अहमदाबादच्या गिरणी कामगारांच्या संपाचे नेतृत्व केले, त्यांच्या कर्मभूमीत हे नाटक करू इच्छिणाऱ्या तरुणांनी स्लॅकब्रिजचे भाषण आहे तसे उचलू नये. संघटित मजुराची बाजू समर्थपणे मांडणारा माणूस त्यांनी त्या जागी उभा करावा आणि मगच संघटनेत सामील न होण्याच्या स्टीफन ब्लॅकपूलच्या एकाकी नकाराला त्याच्यासमोर आणावे. तेवढी मुभा आज कायद्यानेही आहे, कारण डिकन्सच्या मूळ संहितेवर आता कोणाचाही मालकी हक्क उरलेला नाही. जेफ्रीजचे नाटक करावयाचे तर परवानगी लागेल. मूळ कादंबरीवरून वर्ध्याच्या बोलीत नवे नाटक लिहावयाचे तर तिचीही गरज नाही.