संगणनाचा अनुशेष

मराठवाड्यातल्या वाचकाला 'अनुशेष' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. १९८३ साली वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली, १९८४ मध्ये तिचा अहवाल आला, आणि रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य यांत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे हे मोजण्याची रीत पडली. त्या मोजणीत संगणक नव्हता आणि असण्याचे कारणही नव्हते. आज तशी मोजणी करायची झाली, तर संगणनशक्तीचा एक रकाना त्यात वाढवावा लागेल. पण या रकान्यात नेमके काय मोजायचे, हे रस्त्याच्या किलोमीटरइतके सोपे नाही. या लेखाचा विषय तोच आहे.

उदाहरणासाठी जाफराबाद घेऊ. केळना आणि पूर्णा यांच्या संगमावरचे हे तालुक्याचे गाव. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातून इकडे आले. पलीकडे लगेच बुलडाणा जिल्हा, म्हणजे विदर्भ. गावाला रेल्वे नाही. शेजारून जाऊ शकेल अशा जालना-खामगाव मार्गाची मागणी करण्यात पिढ्या गेल्या. गावात कला, वाणिज्य व विज्ञान शिकवणारे सिद्धार्थ महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेले. अशा कोणत्याही तालुक्याच्या गावी इतिहास, मराठी, वनस्पतिशास्त्र किंवा अर्थशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाला आपल्या संशोधनात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायची असेल, तर त्याला काय लागेल?

पहिले उत्तर सगळेच देतात: जीपीयू. ही चिप मुळात संगणकावरच्या खेळांची चित्रे भराभर रंगवण्यासाठी तयार झाली. साधा प्रोसेसर म्हणजे एक अत्यंत तरबेज माणूस. अवघड काम दिले तरी एकामागून एक पायरी नीट पार पाडतो. जीपीयू म्हणजे कापसाच्या वेचणीला सरीसरीला उभी केलेली माणसे. एकेकाचे काम साधे, पण हजारो हात एकाच वेळी चालतात. भाषेचे मॉडेल शिकवताना कोट्यवधी आकड्यांचे गुणाकार-बेरजा कराव्या लागतात आणि त्यांतले बहुतेक एकमेकांवर अवलंबून नसतात. म्हणून वेचणीची पद्धत इथे लागू पडते.

आता हिशेब करू, कारण या विषयात भीती हिशेब न केल्यामुळेच वाढते. ७०० कोटी पॅरामीटरचे, म्हणजे आजच्या मानाने लहानच, एक मॉडेल घेतले. प्रत्येक आकड्याला २ बाइट धरले तर ते नुसते उघडून ठेवायला १४ जीबी स्मृती लागते. ते सगळेच्या सगळे नव्याने शिकवायचे, तर आकड्यांबरोबर त्यांच्या दुरुस्त्यांच्या नोंदीही ठेवाव्या लागतात. दर पॅरामीटरमागे साधारण १६ बाइट, म्हणजे ११२ जीबी. गूगलच्या कोलॅब या सेवेत फुकट मिळणाऱ्या टी-४ या जीपीयूची स्मृती १६ जीबी आहे. इथेच अनेक जण हात टेकतात.

पण २०२१ मध्ये लोरा आणि २०२३ मध्ये क्यूलोरा या पद्धती आल्या. मूळ मॉडेलला हात लावायचा नाही, त्याच्या कडेला छोटे थर जोडायचे आणि तेवढेच शिकवायचे, ही पहिलीची कल्पना. दुसरीत मूळ आकडेही प्रत्येकी ४ बिटांत दाबून बसवतात. तेच १४ जीबीचे मॉडेल साडेतीन जीबीत बसते आणि शिकवण्यासाठी वर जागा उरते. म्हणजे जे काम काही वर्षांपूर्वी मोठ्या प्रयोगशाळेतच शक्य होते, त्याचा एक बरा भाग आज फुकटच्या जीपीयूवर होऊ शकतो. मात्र जोडणी तुटली, वीज गेली किंवा वेळेची मर्यादा संपली, की सत्र बंद पडते. मध्येमध्ये चेकपॉइंट साठवून ठेवला नसेल, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मराठीची अडचण आणखी वेगळी आहे. संगणकात रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'जाफराबाद' हे नाव रोमनमध्ये ८ बाइटांत मावते. देवनागरीत काने धरून ८ चिन्हे, म्हणजे २४ बाइट. मॉडेल शब्दांचे तुकडे करून वाचते, आणि ते तुकडे इंग्रजी मजकूर पाहून ठरवलेले असतील तर मराठी शब्दाचे तुकडे जास्त पडतात. त्यात आपली विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात: जाफराबादला, जाफराबादहून, जाफराबादकरांनासुद्धा. जितके तुकडे अधिक, तितके गुणाकार अधिक, तितका वेळ आणि पैसा अधिक. एकाच अर्थाच्या मजकुरासाठी मराठी संशोधकाला जास्त संगणन मोजावे लागते. हा कर कुणी लावलेला नाही. पण तो वसूल होतो.

या अडचणीवर काम झाले आहे, आणि ते मराठी माणसांनीच केले आहे. पुण्यातील एल-थ्री-क्यूब या गटाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हाताशी धरून मराठीसाठी माहितीसंच आणि मॉडेल तयार केली आणि सगळ्यांसाठी खुली ठेवली. २०२१ मधल्या महासेंटमध्ये सुमारे १६ हजार मराठी ट्वीट भावनेनुसार वर्गीकृत आहेत. २०२२ मधल्या महानेरमध्ये २५ हजार वाक्यांतली नावे, ठिकाणे, संस्था हाताने खुणावलेल्या आहेत. महाबर्ट हे त्यांचे मॉडेल इतके आटोपशीर आहे, की आपल्या कामासाठी ते वळवून घेणे फुकटच्या जीपीयूवर आरामात जमते. पदवीच्या मुलांकडून काय होऊ शकते याचा हा पुरावा आहे. पण ट्वीटमधली मराठी ही काही 'काय करायलास?' असे विचारणाऱ्या माणसाची मराठी नव्हे. मराठवाडी बोलीचे नमुने गोळा करायला पुण्याहून कुणी येणार नाही, आणि आले तरी त्याच्याशी माणसे छापील मराठीत बोलतील. ते काम जाफराबाद, भोकरदन, मंठ्याच्या प्राध्यापकाचेच.

फुकटची सेवा पुरेनाशी झाली की प्रश्न येतो सरकारी संगणनाचा. ७ मार्च २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने इंडिया-एआय मिशनला मंजुरी दिली. तरतूद पाच वर्षांसाठी १०,३७१.९२ कोटी रुपये. उद्दिष्ट दहा हजार जीपीयूंचे होते, प्रत्यक्षात संख्या ३८ हजारांवर गेली आहे. अनुदान धरून दर तासाला सरासरी ६५ रुपये पडतो असे सरकार सांगते. एखाद्या लहान प्रकल्पाला चाळीस तास लागले, तर २,६०० रुपये. सोयाबीनचा २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे अर्ध्या क्विंटलच्या आत काम झाले. (हमीभावाने सोयाबीन विकले जाते का, हा वेगळा लेख.)

दर परवडणारा आहे, यंत्रे आहेत. मग अडते कुठे?

अडते ते मधल्या माणसापाशी. आपल्या प्रश्नाला कोणते मॉडेल लागेल, किती तास लागतील, माहिती कोणत्या रूपात मांडावी, निकाल खरा की योगायोगाचा, हे ज्याच्याशी बोलता येईल असा जाणकार तालुक्याच्या गावी नसतो. त्याऐवजी असते ती एकदिवसीय कार्यशाळा. दीपप्रज्वलन, सत्कार, पॉवरपॉइंट, जेवण, प्रमाणपत्र, गटफोटो. दुसऱ्या दिवशी प्राध्यापक संगणकापुढे बसतो तेव्हा पहिली त्रुटीची ओळ पडद्यावर येते आणि विचारायला कुणी नसते. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने पायथॉनसारख्या विषयांचे दहा-दहा मिनिटांचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत करून ठेवले आहेत. माझ्या मते स्वतः शिकू पाहणाऱ्यासाठी याहून चांगली सुरुवात नाही. पण सुरुवातच. संशोधनाची अडचण पाठात नसते, ती ज्याची त्याची असते.

यावर उपाय शोधायला परदेशात जाण्याची गरज नाही. १९८८ साली पुण्यात जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने आयुका उभी राहिली. नावातच 'आंतरविद्यापीठ' आहे. देशभरातल्या विद्यापीठ-महाविद्यालयांतील शिक्षकांना व्हिजिटिंग असोसिएट म्हणून काही वर्षांसाठी जोडून घ्यायचे, त्यांनी सुट्टीत येऊन राहायचे, ग्रंथालय आणि संगणक वापरायचे, जाणकारांशी बोलायचे आणि आपल्या महाविद्यालयात परतून काम चालू ठेवायचे. प्रवास आणि राहण्याची सोय संस्थेची. खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची, तिचा वेळही प्रस्ताव मागवून, ते तपासून वाटला जातो. प्रस्तावात दम असेल तर वेळ मिळतो आणि त्याचे पैसे पडत नाहीत. खगोलशास्त्रात हे जमले कारण यंत्र, वेळ आणि सोबत या तिन्ही गोष्टी एकत्र दिल्या गेल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीत आपण यंत्र दिले आणि बाकी दोन गृहीत धरल्या.

राज्याने उत्कृष्टता केंद्रांसाठी नावे घेतली ती मुंबई, पुणे आणि नागपूर. मराठवाडा त्यात नाही, आणि या वाक्याचे इथल्या वाचकाला नवल वाटणार नाही. केंद्राच्या योजनेत लहान शहरांसाठी ५७० डेटा लॅब आहेत खऱ्या. पण तिथले मुख्य अभ्यासक्रम माहितीला खुणा करणे आणि माहिती नीट लावून ठेवणे यांचे आहेत. हे काम हलके नाही आणि त्यातून रोजगारही मिळेल. मला टोचते ते एवढेच, की प्रश्न विचारणारा महानगरात आणि चित्रावर चौकट आखणारा तालुक्यात, अशी वाटणी पहिल्याच पायरीवर ठरून जाते. कापूस इथला आणि गिरणी मुंबईची, ही वाटणी आपण पाहिलेली आहे. उलट उदाहरणही याच जिल्ह्यात आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको सुरू केली, आणि बियाण्याच्या संशोधनासाठी जालना देशात ओळखले जाऊ लागले. ते संशोधन इथे झाले कारण शेत इथे होते.

तालुक्याजवळ असलेले 'शेत' कोणते, याचे सगळ्यात ठळक उदाहरण २०२३ मध्ये समोर आले. त्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या निजामकालीन दफ्तरांत कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले. कागद मोडीत आणि उर्दूत. मोडी वाचणारे मोजके. एका नोंदीवर एका कुटुंबाचे प्रमाणपत्र अवलंबून, आणि ती नोंद वाचायला माणूस नाही. आरक्षणाच्या वादात कुणाची बाजू काय हे क्षणभर दूर ठेवले, तरी एक गोष्ट उरते: आपल्याच आजोबा-पणजोबांचे कागद वाचण्याची क्षमता समाज म्हणून आपण गमावली होती.

मोडीवर संगणकाने काम झाले आहे. २०२५ मध्ये रुरकीच्या आयआयटीतील संशोधकांनी मोडी पाने देवनागरीत उतरवणारे मॉडेल आणि त्यासाठी दोन हजारांहून अधिक पानांचा संच मांडला. मोडीचे हे काम हिमालयाच्या पायथ्याशी व्हावे याचा आनंद मानायचा की संकोच, हे ज्याने त्याने ठरवावे. पण त्या संचाची कालविभागणी पाहण्यासारखी आहे: शिवकालीन, पेशवेकालीन, आंग्लकालीन. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथल्या दफ्तरातले हात वेगळे, महसुली शब्द फारसी-उर्दू वळणाचे, आणि त्यांच्यासाठी या तीन नावांत वेगळे घर नाही.

समजा जाफराबादच्या एखाद्या इतिहासाच्या प्राध्यापकाने गावोगावच्या घरांतून अशी ३०० पाने मिळवली. फोटो मोबाइलवर निघतील. प्रत्येक पानाचे अचूक देवनागरी लिप्यंतर हवे, कारण त्यावरच मॉडेल शिकणार. मोडी जाणणाऱ्याने एका पानाला दोन तास दिले असे धरले, तर ६०० तास. मग मॉडेल वळवून घ्यायला चाळीस तास जीपीयू. म्हणजे यंत्राच्या एका तासामागे माणसाचे पंधरा. यंत्राचे २,६०० रुपये कोणत्यातरी योजनेत बसतील. सहाशे तास कोणत्या योजनेत बसतात? तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला वर्गातल्या तासाचे पैसे मिळतात. दफ्तरापुढे बसलेल्या तासाचे नाहीत. पुढच्या जूनमध्ये त्याच महाविद्यालयात नेमणूक होईल की नाही हेही त्याला ठाऊक नसते, आणि संगणन मागण्याच्या अर्जावर बहुधा संस्थेचा पत्ता व प्रमुखाची सही लागते.

आणखी एक अडचण त्या ३०० पानांतच आहे. त्यांत जाती आहेत, जमिनी आहेत, कर्जे आहेत, जिवंत माणसांच्या वाडवडिलांची नावे आहेत. ज्या घराने विश्वासाने बस्ता उघडून दिला, त्याला न विचारता ते फोटो परदेशी कंपनीच्या फुकट सेवेवर चढवायचे का? सरकारी संगणनाची खरी गरज मला इथे दिसते, दरापेक्षाही. विद्यापीठाच्या आवारातल्या यंत्रावर ठेवलेला कागद निदान कुठे आहे हे सांगता येते.

विद्यापीठात संगणकशास्त्र व माहिती तंत्रज्ञान विभाग आहे, इतिहास विभाग आहे, जालन्यात मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा परिसर २०१८ पासून आहे. वर्षातून चार आठवडे, उन्हाळ्याच्या सुट्टीत, तालुक्यांतले दहा शिक्षक आयुकाच्या धर्तीवर तिथे राहिले, प्रत्येकाला एक जाणकार आणि ठरलेले जीपीयू-तास मिळाले, आणि तासिका तत्त्वावरच्यांना त्या आठवड्यांचे मानधन दिले, तर सुरुवातीला नवी इमारत लागत नाही. अर्जात एकच प्रश्न पुरे: तुमच्याकडे अशी कोणती माहिती आहे, जी दुसऱ्या कुणाकडे नाही? जाफराबादहून आलेल्या अर्जात या रकान्यात लिहायला बस्त्यातली ३०० पाने असतील, शेडनेटमधल्या बीजोत्पादनाच्या वह्या असतील, नाहीतर केळनेच्या दोन्ही काठांवरच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण.