काळ्या पाषाणाखालचा मुलूख

निजामाच्या अमलात जालना आणि रायचूर जिल्ह्यातील हट्टी ही दोन्ही गावे एकाच राज्याच्या दप्तरी होती. परंतु हट्टीला 250 कोटी वर्षांपलीकडचे सुवर्णधारी धारवाडी खडक उघड्यावर असल्यामुळे तेथे खाण चालली, आणि जालन्याच्या वाट्याला मात्र सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा बसाल्ट आला. ‘जालना सोने का पालना’ ही ख्याती या शहराने व्यापाराच्या बळावर मिळवली. तरीही बसाल्टच्या तळाशी काय दडले आहे, ही जिज्ञासा स्वाभाविक आहे, आणि तिला उत्तर देऊ शकणाऱ्या भूकंपीय सर्वेक्षणाचा मागोवा घेणे उचित ठरेल.

कोलारच्या खाणी तीन किलोमीटरांहून खोल गेल्या त्या सोन्याच्या शिरेचा माग काढीत. परंतु जेथे शीर पृष्ठभागी येतच नाही, तेथे दुसरा मार्ग शोधावा लागतो. दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँड प्रदेशात 1930 च्या दशकात रुडॉल्फ क्राहमन यांनी चुंबकीय मापनाने झाकलेल्या थरांचा वेध घेतला, आणि 1980 च्या दशकात तेथे परावर्तित लहरींचे सर्वेक्षण रुजले. सुरुंगाने किंवा कंपन निर्माण करणाऱ्या अवजड वाहनाने भूमी हादरवावयाची, परतणाऱ्या लहरी जिओफोनने टिपावयाच्या, आणि त्यांना लागलेल्या वेळेवरून थरांची खोली ठरवावयाची, ही ती पद्धत. प्रत्यक्ष सोने या लहरींना दिसत नाही. वरचा लाव्हा आणि खालचा क्वार्टझाइट यांची सीमा मात्र स्पष्ट उमटते, आणि सुवर्णथर त्याच सीमेवर असल्यास त्याचा ठाव लागतो.

आपल्या देशात 1972 साली हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने सोव्हिएत सहकार्याने कावली ते उडुपी अशी खोल भूकंपीय रेषा धारवाडी प्रदेशातून नेली. कोयनेच्या 1967 च्या भूकंपानंतर त्या परिसरातही अशाच रेषा काढण्यात आल्या. 1993 च्या भीषण भूकंपानंतर किल्लारीस घेतलेल्या विंधणात बसाल्टची जाडी 338 मीटर भरली, आणि त्याखाली गाळाचा अल्प थर व मग पुरातन स्फटिकमय खडक लागला. कोयनेजवळ गोठणे येथे मात्र तोच बसाल्ट सव्वा किलोमीटरच्या घरात निघाला. एकाच पाषाणाच्या जाडीत इतका फरक असल्यामुळे अन्यत्र मिळालेल्या मापावरून जालन्याच्या तळाचा निर्णय करता येत नाही.

शिवाय बसाल्टचे थरावर थर लहरींची शक्ती विखुरतात, ती शोषतात, आणि खालच्या खडकांचे परावर्तन क्षीण करतात. म्हणून भूकंपीय मापनाला गुरुत्वीय, चुंबकीय व विद्युत् मापनांची जोड द्यावी लागते, आणि अखेरचा दाखला विंधणच देते.

पन्नास वर्षांच्या या उद्योगाचा जमाखर्च मांडला, तर दख्खनच्या बसाल्टखालून या सर्वेक्षणाने सोने दिलेले नाही. दिले ते भूगर्भाच्या रचनेचे विश्वसनीय ज्ञान. ते ज्ञान भूकंपाचा धोका जाणण्यास उपयोगी आहे, आणि पुढे कधी खनिजशोध करावयाचा झाल्यास त्याचा पायाही तेच राहील. यास्तव शासनाने व विद्यापीठांनी सुवर्णाच्या मोहाआधी जालना जिल्ह्याच्या तळखडकाचा नकाशा सिद्ध करण्याची तजवीज करावी.