माया किती उरलीय?

कोट घडी घालून पिशवीत कोंबून नेला, म्हणून पहिली बोलणी मी दुकानाच्या पायरीवरच खाल्ली. ‘‘भाऊ, कांदे आणलेत का?’’ मास्तर म्हणाले आणि पिशवी हातातून काढून घेतली.

नगरच्या कापड बाजारातून आत वळणाऱ्या एका बोळात, जिन्याखाली त्यांची जागा आहे. एक पायमशीन, एक ओव्हरलॉक, इस्त्रीचं टेबल आणि गिऱ्हाइकाला उभं राहायला दीड फरशी. नवीन कपडे ते हल्ली शिवत नाहीत. दुसऱ्यांनी शिवलेलं आणि बहुतेक वेळा तिसऱ्यानं बिघडवलेलं निस्तरतात.

माझा कोट त्यातलाच. दोन वर्षांपूर्वी चुलतभावाच्या लग्नासाठी सूट शिवला, तेव्हापासून उजव्या काखेखाली कापडाचा झोळ पडायचा. एका दुकानात अल्टरला टाकला. त्यांनी कंबरेत आवळून दिला. झोळ जरा कमी झाला, पण बटण लावलं की पोटावर फुली उमटायची आणि मागे कॉलर मानेला सोडून बसायची. आता भाचीचं लग्न आलंय आणि मामाला मिरवायला लागणार.

‘‘घाला,’’ मास्तर म्हणाले. मी घातला आणि साहजिकच छाती काढून, पोट आत घेऊन उभा राहिलो.

‘‘फोटो नाही काढायचाय. रोज उभे राहता तसं राहा. हात सोडा.’’

टेप त्यांच्या गळ्यातच होती, तिला हात लावला नाही. माझ्याभोवती एक चक्कर मारली, मागे थांबले. ‘‘बॅग कुठल्या खांद्याला लावता?’’

‘‘उजव्या.’’

त्यांनी उजव्या खांद्यावरचं कापड दोन बोटांत चिमटलं आणि किंचित वर उचललं. आरशात बघतो तर काखेखालचा झोळ गायब. बोटं सोडली, झोळ परत हजर. असं दोनदा करून दाखवलं. दुखणं खांद्याचं आणि कापाकापी कंबरेत, एवढाच सगळा घोटाळा. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे. कोट दोन्ही खांदे सारखे धरून शिवलेला, त्यामुळे उजवीकडचं कापड खाली घसरून काखेत साठत होतं. पहिल्या दुरुस्तीत ते साठलेलं कापड तेवढं दिसलं आणि आवळून टाकलं गेलं. मग पोटाला जागा पुरेना, म्हणून फुली. आणि पोटाशी ताण बसला की पुढचा भाग कॉलरला ओढणार, हे ओघानं आलंच.

‘‘आता बघू, माया किती उरलीय,’’ म्हणत त्यांनी कोट उलटा केला.

शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात त्याला माया म्हणतात. माझी आई परकराला भरपूर माया सोडायची, मुलगी वाढती आहे म्हणून. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण त्याची किंमत त्या दिवशी कळली. अल्टर करणाऱ्याचं भांडवल तेवढंच. मायेत हात घालता येतो, म्हणून कपडा सैल होतो. ती कापली की कोट असेल तेवढाच राहतो.

मास्तरांनी अस्तराची एक बाजू ब्लेडनं उसवली. घाई अजिबात नाही. टाका ताणून धरायचा, पात्याचं टोक नुसतं टेकवायचं, दोरा आपोआप सुटतो. पाठीच्या मधल्या शिवणीपाशी येऊन ते थांबले. कोटात सगळ्यात जास्त माया इथे असते. इथे जेमतेम पाव इंच उरली होती, तीही कडेनं ओव्हरलॉक मारलेली. बाकीची आधीच्या दुकानात केरात गेली होती.

‘‘जाड दिसतं म्हणून कापतात,’’ ते म्हणाले. ‘‘नुसती दाबून इस्त्री केली तरी भागतं.’’

मग त्यांनी बगलेच्या दोन शिवणी उघडल्या. तिथे कुणाचा हात लागला नव्हता. पाऊण इंच माया जशीच्या तशी होती. मास्तर पहिल्यांदाच जरा खूश दिसले. खडूनं हिशोब मांडला: दोन शिवणी, प्रत्येकीच्या दोन कडा, दर कडेला दोन सूत सोडायचं. म्हणजे आठ सूत, एक इंच. फुली जायला एवढं पुरे.

उसवत असताना बोलणं सुरू झालं. ते काम शिकले भिंगारला, कॅम्पाजवळच्या एका दुकानात, फौजी गणवेशांवर. आर्मर्ड कोअरचं सेंटर आणि स्कूल नगरला आलं 1948 साली. त्याही आधीपासून छावणीच्या आधारानं भिंगारात शिलाईचं काम आहे. गणवेश सगळ्यांचा एकच, पण प्रत्येकाच्या अंगावर बेतलेला लागतो, म्हणून हात तयार होतो, असं त्यांचं म्हणणं. मला गंमत वाटली ती वेगळीच. याच गावात पद्मशाली विणकर हातमागावर लुगडी विणायचे. नऊवार लुगडं काय आणि फेटा काय, कुणाच्याही अंगाला बसतो. पोट सुटलं तर एक निरी कमी. अल्टर ही भानगडच नाही. शिवलेल्या कपड्यानं ती आणली.

‘‘हे कुणी केलं?’’ मास्तरांनी मुंढ्यात बोट घातलं होतं. मी जरा गप्प बसलो, कारण ते मीच करवून घेतलं होतं. काखेत काचतंय म्हणून मुंढा खाली उतरवायला मी सांगितलं होतं. आपल्याला वाटतं, मुंढा मोठा केला की हात मोकळा होतो. घडतं उलटं. मुंढा काखेच्या जवळ असेल तर हात वर गेला तरी कोट जागेवर राहतो. खाली उतरवला की बाहीबरोबर अख्खा कोट वर चढतो. आणि उतरवायचा म्हणजे कापायचा. कापलेलं कापड परत आणणार कुठून? ‘‘याला माझ्याकडे औषध नाही,’’ त्यांनी स्वच्छ सांगितलं. मला हे आवडलं. सगळं होईल म्हणणाऱ्याकडे मी एकदा जाऊन आलो होतो.

पैसे सांगितले ते पहिल्या अल्टरच्या दुप्पट. उसवायचे वेगळे, शिवायचे वेगळे. मी घासाघीस केली नाही.

चार दिवसांनी गेलो तेव्हा कच्च्या टाक्यांवर ट्रायल होती. उजव्या खांद्याच्या पॅडखाली वाडिंगचा एक पातळ थर सरकवला होता, बस. तेवढ्यानं झोळ गेला. बटण लावलं, फुली नाही, कॉलरही मानेला येऊन टेकली. बगलेपाशी जुन्या शिवणीची रेघ मात्र दिसत होती. मास्तरांनी ओला पंचा टाकून वाफ दिली, ब्रश मारला, परत वाफ दिली. रेघ फिकट झाली, गेली नाही. हात खाली असला की झाकते. पुढच्या पल्ल्यांकडे मात्र इस्त्री फारशी नेली नाही. तिथे आत कापड चिकटवलेलं असतं, गोंद सुटला तर फुगे येतात आणि ते कुणाच्या बापाला निघत नाहीत.

शेवटी पक्की शिलाई झाल्यावर अस्तर मिटायच्या आधी त्यांनी मला बगल आतून दाखवली. अर्धा इंच माया अजून शिल्लक होती, दोन्हीकडे उघडून दाबलेली.

मी कोट चढवला आणि सवयीनं उजवा हात वर केला. कोट दोन बोटं वर आला.

‘‘भाचीचं लग्न ना?’’ पिशवीऐवजी हँगर हातात देत मास्तर म्हणाले. ‘‘अक्षता खालूनच टाका.’’