ध्वनिदफ्तरातून नव्या रचनेकडे : लेखांक सातवा – मुळशीची ओवी

मागील लेखांकात ध्वनिमुद्रणाच्या साधनांचा विचार झाला. त्या साधनांनी जे राखून ठेवले त्यातून, स्वतःच्या आठवणींच्या आधारे, नवे संगीत रचू पाहणाऱ्याने कोणती वाट धरावी, हा आजचा विषय असून त्यासाठी मुळशी तालुक्यातील जात्यावरच्या ओव्यांइतके समर्पक उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी मुळशीच्या डोंगरी गावांतील स्त्रियांच्या सहवासात आरंभिलेला हा संग्रह पुढे महाराष्ट्रातील हजारावर गावांत पोचला आणि एक लाखाहून अधिक ओव्यांचा झाला. त्यांतील बहुतेक वहीत उतरल्या. संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात केलेले मुद्रण १२० तासांहून थोडे अधिक भरते. वहीतली ओवी दोन ओळींची असते. गळ्यातली तशी नसते : पहिल्या ओळीचा अर्धा भाग पुन्हा येतो, मध्येच 'बाई' किंवा 'सांगते' असे संबोधन शिरते, आणि खुंट्याला दिलेल्या ओढीप्रमाणे स्वर लांबतो वा तुटतो. लेखनिकाने सोईसाठी गाळलेले हे सारे मुद्रणात शाबूत आहे, आणि रचनाकाराचे खरे भांडवल तेच होय.

जुन्या स्वरांना हात लावणे हा त्यांचा अवमान होय, असा आक्षेप सद्भावनेने घेतला जातो; मात्र जात्याची वहिवाट तो मान्य करीत नाही. आईकडून आलेल्या ओळीत लेक आपल्या भावाचे नाव घालते, सीतेच्या वनवासात स्वतःचा सासुरवास सांगते, आणि जात्याच्या दुसऱ्या बाजूस बसलेली जाऊ त्या ओळीला आपली जोड देते. शिवाय मुद्रणाच्या काळी कित्येक गावांत दळण गिरणीत जाऊ लागले होते. म्हणजे यंत्रापुढे गाणारी स्त्रीसुद्धा बहुधा आठवूनच गात होती.

अमेरिकन रचनाकार स्टीव्ह राइश याने १९८८ साली 'डिफरंट ट्रेन्स' रचताना हेच निराळ्या दुःखातून केले. आई व वडील विभक्त राहत असल्याने बालपणी त्याने न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस असा रेल्वेप्रवास वारंवार केला. त्याच वर्षांत युरोपातील ज्यू मुले कोणत्या गाड्यांत कोंबली जात होती, या जाणिवेने त्याने त्या संहारातून वाचलेल्यांची दफ्तरांत जतन झालेली निवेदने घेतली आणि त्यांच्या बोलण्यातील चढउतारांवरून चार तंतुवाद्यांची सुरावट बांधली. बोलणाऱ्यावर वाद्यांची चाल लादलेली नाही, वाद्ये बोलणाऱ्यामागून जातात, हा त्या कृतीचा मोठा विवेक आहे.

मुळशीच्या एखाद्या तरुणाने ही मुद्रणे हाती घेतली, तर त्याची आठवण कदाचित जात्याची नसून गिरणीच्या पट्ट्याची आणि पत्र्यावरच्या पावसाची असेल. ती त्याने निःसंकोचपणे घालावी. परंतु ओवीचा श्वास तबल्याच्या ठेक्यात बसावा म्हणून कापू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. 'पारी' या संस्थेने २०१७ पासून या ओव्या गाणारणीच्या नावागावासह प्रसिद्ध केल्या आहेत. तेव्हा कोळवड्याच्या ताराबाई उभे किंवा नांदगावच्या कुसुम सोनवणे यांचा स्वर घेणाऱ्याने 'पारंपरिक' असा मोघम शेरा मारून मोकळे होऊ नये. रचनेच्या शीर्षस्थानी, स्वतःच्या नावाआधी, त्यांचे नाव व गाव लिहावे, आणि रचना पुरी होताच तिचे पहिले श्रवण त्या गावात, त्यांच्या लेकीसुनांसमोर करावे.